गोंदवल्याची पंगत

साताऱ्यातला माण तालुका आणि सांगलीतले आटपाडी, जत हा कमी पावसाचा पट्टा. १८७६ च्या दुष्काळात इथल्या कणग्या रिकाम्या झाल्या.

तेव्हा याच माणमधल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी घरचं धान्य बाहेर काढलं. चरित्रकार सांगतात, उपाशी माणसांना त्यांनी स्वतःच्या शेतात माती वाहण्याचं काम दिलं आणि पोटभर जेवू घातलं. उद्याची काळजी रामावर सोपवली.

हा विश्वास हात बांधून बसणारा नव्हता.

महाराजांनी १९१३ साली देह ठेवला. गोंदवल्यात आजही येणाऱ्याला महाप्रसाद विनामूल्य मिळतो. घरखर्चाची चिंता घेऊन आज कामाला निघणाऱ्यांनी रामाचं नाव घ्यावं आणि डब्यात शेजाऱ्यासाठी एक भाकरी जास्तीची बांधावी.