न मिळवलेला मान

कोरियात शिक्षकाला ‘सॉन्सेंगनिम’ असे संबोधतात. चिनी अक्षरांतून आलेल्या ‘सॉन्सेंग’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘आधी जन्मलेला’, आणि ‘निम’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय. इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशातून कालपरवा आलेल्या, नुकतीच पदवी घेतलेल्या तरुणालाही हेच संबोधन लाभते. वस्तुतः त्या देशापुरता तो तान्ह्या मुलासारखाच असतो. दुकानावरची पाटी त्याला वाचता येत नाही. बसचालक काय म्हणाला ते कळत नाही. उरलेले अन्न कोठे टाकावे आणि बाकीचा कचरा कोणत्या पिशवीत भरावा, हेही त्याला शेजाऱ्याला विचारावे लागते. ज्याला त्या गावात सर्वांत कमी कळते, त्यालाच ‘आधी जन्मलेला’ म्हणायचे! न मिळवलेला असा मान माणसाने कोणत्या वृत्तीने स्वीकारावा, हा प्रश्न आम्हांला विचार करण्याजोगा वाटतो.

या मानामागे व्यवस्था आहे. परदेशी शिक्षकांना सरकारी शाळांत आणणारी ‘एपिक’ ही योजना कोरियन शासनाने १९९५ साली सुरू केली. त्याखेरीज ‘हागवॉन’ नावाचे खाजगी शिकवणीवर्ग गल्लोगल्ली आहेत. करार बहुधा वर्षाचा असतो आणि राहण्याची सोयही पुष्कळदा शाळाच करते. मात्र भाषाशिक्षकाचा नेहमीचा व्हिसा इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांच्या नागरिकांसाठीच आहे. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीय शिक्षकांसाठी काही अटींवर एक दार किलकिले झाले, तेही साहाय्यक म्हणून. तेव्हा येथे पासपोर्टालाही गुणाइतकेच मोल आहे, आणि पासपोर्ट हा बहुतेकांच्या बाबतीत जन्माचा योगायोग असतो.

ज्या भूमीत ही इंग्रजी शिकवायची, तिने परक्या भाषेचा जाच सोसलेला आहे. १९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानचे राज्य होते. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा क्रमाक्रमाने हद्दपार झाली. १९४२ साली कोरियन शब्दकोश सिद्ध करणाऱ्या मंडळाच्या विद्वानांची धरपकड झाली. त्यांतील दोघांचा तुरुंगातच अंत झाला. पुरावा म्हणून जप्त केलेले कोशाचे हस्तलिखित १९४५ मध्ये, स्वातंत्र्यानंतर, सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. स्वतःच्या शब्दांसाठी माणसे प्राणास मुकली, त्यांच्याच पतवंडांच्या वर्गात हा नवा शिक्षक उभा राहतो.

आजची इंग्रजी बळाने लादलेली नाही, हे खरे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांना हागवॉनमध्ये धाडतात. परंतु महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी असते आणि नोकरीच्या दारातही तीच उभी असते. ज्या गोष्टीवाचून पुढे जाता येत नाही, तिची निवड सर्वस्वी मुक्त कशी म्हणावी?

यावर कोणी म्हणेल, शिक्षकाने करार पाळला की त्याचे कर्तव्य संपले. वर्षभरासाठी कोरियन शिकण्याचा खटाटोप कशाला? शिवाय त्याने वर्गात इंग्रजीच बोलावी, अशी शाळेचीच अपेक्षा असते. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. वर्गात त्याने इंग्रजी जरूर बोलावी. पण करार वेतनाची परतफेड ठरवतो. मानाची परतफेड कोणत्याच करारात लिहिलेली नसते. ती आपली आपण करायची असते, आणि ती करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आम्हांला दिसतो: गुरूने यजमानांचा शिष्य व्हावे.

हे शिष्यत्व लहानसहान गोष्टींतून सुरू होते. उंबऱ्यात पादत्राणे उतरवणे आपल्याकडच्या माणसाला नवे नाही. वडीलधाऱ्यांना काहीही देताघेताना दोन्ही हात पुढे करणे शिकावे लागते. मग लिपी. सामान्य जनांना आपले मनोगत लिहिता यावे म्हणून सेजोंग राजाने १४४६ साली हंगुल लिपी प्रजेच्या हाती दिली. आज तिची मूळ अक्षरे २४ आहेत आणि ती थोड्या दिवसांत ओळखता येतात. भाषा मात्र वर्षानुवर्षे हुलकावणी देते, आणि तेही हिताचेच असते. बाजारात चुकीचा शब्द उच्चारून ओशाळलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गातल्या गप्प मुलाकडे निराळ्या नजरेने पाहतो. त्या मुलाला शब्द येत नाही असे नसते. त्याला हसे होण्याची भीती वाटत असते.

आपल्या साहित्यात याचे उज्ज्वल उदाहरण आहे. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. ते शिकवण्यासाठी आले, पण आधी लोकांची भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत प्रसिद्ध झाले. त्या काळी सत्तेचा मान पोर्तुगीज भाषेला होता. फादरांनी प्रेम मराठीवर केले.

आज आपल्या घराघरांतली मुले परदेशी जात आहेत. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी जहाजावर. निरोप देताना आपण त्यांना प्रकृती जपायला सांगतो, पैसे जपायला सांगतो. त्यासोबत हेही सांगावे, की जेथे जाल तेथल्या लोकांची निदान चार वाक्ये त्यांच्याच भाषेत शिका, आणि चुकलात तर त्यांना सुधारू द्या.