दिलं, पण सोडलं का?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

भगवंत इथे दानाचे तीन प्रकार सांगतात. परत काही मिळणार नाही हे माहीत असूनही, द्यायलाच हवं म्हणून योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, अनादराने दिलेलं ते तामस.

वाचताना वाटलं, आपण बहुतेक सात्त्विकच! मग दोन प्रसंग आठवले.

टीममधल्या एका ज्युनियरला मी सहा महिने शिकवलं, रात्री उशिरापर्यंत त्याचा कोड तपासला. त्याचा डेमो छान झाला, टाळ्या पडल्या, पण माझं नाव घ्यायचं राहून गेलं. मी हसून अभिनंदन केलं खरं. पण दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हणजे मी ज्ञान दिलंच नव्हतं, उधार दिलं होतं. राजस!

दुसरा प्रसंग सोसायटीच्या मीटिंगमधला. डिलिव्हरीवाल्या मुलांसाठी गेटवर पाण्याचा माठ ठेवायचं ठरलं. पहिली वर्गणी माझी. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "मग त्यांना लिफ्टही वापरू द्या की." मी त्यांना मध्येच तोडलं, "सिक्युरिटीचा प्रश्न आहे," म्हणून विषय संपवला. पाणी द्यायचं, पण बरोबरीचं मानायचं नाही. आणि वेगळं मत ऐकूनही घ्यायचं नाही. हाच तो अनादर.

खिसा उघडणं त्या मानाने सोपं असतं. कान आणि मन उघडणं अवघड.

इथे माउली आठवतात. ज्या भावंडांना समाजाने वाळीत टाकलं, त्यांच्यातल्या ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना पसायदानात काय मागितलं? दुष्टांचा नाश नाही. त्यांच्यातला दुष्टपणा तेवढा जावा आणि सगळ्या जिवांची मैत्री व्हावी, एवढंच. हिशेब ठेवायला त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी मोठं कारण होतं. त्यांनी तो ठेवला नाही.

काल काकूंकडे जाऊन म्हटलं, "त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धवट राहिलं, आज सांगा." लिफ्टचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा घेतोय. ज्युनियरला मात्र काहीच सांगायचं नाही. ती उधारी माझ्या मनातच मिटवायची आहे. खरं सांगतो, अजून पूर्ण मिटलेली नाही.

आज तुम्हीही एक जुनं खातं बंद करून बघा.

राम कृष्ण हरी!