चाकू घडवणाऱ्याचा हिशेब



‘चाकूचा काय दोष? दोष हाताचा!’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो. एकाच चाकूने कुणी पाव कापतो, कुणी माणसावर वार करतो. चाकू तोच, मन वेगळे. एवढ्यावर आपण विषय संपवतो. पण ज्याने तो चाकू घडवला, त्याचे काय? तो या सगळ्यातून अगदी मोकळा सुटतो का? वरवर पाहता हा प्रश्न लोहाराचा आहे. जरा खोलात गेलो, तर तो आपल्यापैकी प्रत्येक कमावत्या माणसाचा आहे.

फ्रान्सच्या दक्षिण भागात ओब्राक नावाचे गवताळ पठार आहे. गुरे पाळणाऱ्यांचा हा मुलूख. स्पेनमध्ये संत याकोबाच्या कबरीकडे पायी निघालेले यात्रेकरू शेकडो वर्षे याच पठारावरून जात आले आहेत. तेथे सुमारे एक हजार मीटर उंचीवर लायोल हे लहानसे गाव आहे. १८२९ च्या सुमारास या गावात मिटणारा चाकू बनू लागला आणि पुढे गावाचेच नाव चाकूला मिळाले. विसाव्या शतकात हे काम बहुतांशी तिएर या शहराकडे गेले. १९८७ साली गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. त्याच्या छपरातून १८ मीटर उंचीचे पाते आभाळात गेलेले दिसते.

हा कारखाना लोकांना पाहण्यासाठी खुला असतो. पोलाद तापवून त्याला पात्याचा आकार देतात. मग त्याला पाणी देतात, म्हणजे लालबुंद पाते एकदम थंड करतात. त्याने ते कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. गाईच्या शिंगाची किंवा लाकडाची मूठ बसते, आणि पाठीच्या पट्टीवर कारागीर हाताने कानशीने नक्षी कोरतो. मुठीत पितळेच्या वा पोलादाच्या बारीक खिळ्यांचा एक क्रूस असतो. त्याला ‘मेंढपाळाचा क्रूस’ म्हणतात. देवळापासून दूर रानात राहणारे मेंढपाळ चाकू पावात खोचून त्या क्रुसासमोर प्रार्थना करीत, अशी आख्यायिका आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात कला आणि नीती यांत एक फरक सांगितला. कारागीर म्हणून माणसाची परीक्षा त्याच्या वस्तूवरून होते. पाते नीट कापते ना, मग त्याच्या मनात काय होते हे कुणी विचारत नाही. पण माणूस म्हणून त्याची परीक्षा त्याच्या इच्छेवरून आणि कृतीवरून होते. म्हणूनच उत्तम कारागीर वाईट माणूस असू शकतो आणि सज्जन माणूस सुमार चाकू बनवू शकतो.

थॉमस तेथेच थांबले नाहीत. ज्या वस्तूचा उपयोग पापाशिवाय होऊच शकत नाही, ती बनवणारा दोषी आहे, असे ते म्हणतात. पण जिचा उपयोग बराही होतो आणि वाईटही, अशा वस्तूचा धंदा करण्यात पाप नाही. येथे त्यांनी उदाहरण घेतले आहे तलवारीचे आणि बाणाचे! चाकूवाल्याने सुटकेचा नि:श्वास टाकावा असाच हा निवाडा आहे.

तरीही एक गोष्ट खटकते. वस्तू खरोखरच इतकी निरागस असते का? प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की द्राक्षवेल खंजिरानेही छाटता येईल, पण सगळ्यात चांगली छाटता येते ती त्याच कामासाठी बनवलेल्या कोयतीने. म्हणजे वस्तूच्या आकारातच तिचा हेतू भिनलेला असतो. लायोलच्या जुन्या चाकूला एक अणकुचीदार टोच्या जोडलेला असे. गुराचे पोट फुगले आणि ते मरणाच्या दारी पोहोचले, की गुराखी त्या टोच्याने पोटाला छिद्र पाडून वायू बाहेर काढीत. तो टोच्या ज्याने जोडला, त्याच्या डोळ्यांसमोर तडफडणारे गुरू होते. उलट, झटक्यात उघडावा आणि समोरच्याला सावरायला वेळ मिळू नये, अशा बेताने जो चाकू बनवतो, त्याच्या डोळ्यांसमोर कोण असते? आपल्या देशातील शस्त्रविषयक नियमही हा भेद ओळखतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू ते शस्त्रांत मोजतात; पण घरकाम, शेती, विज्ञान वा उद्योग यांसाठी बनवलेली पाती त्यातून वगळतात. कायदासुद्धा नुसती लांबी मोजत नाही. कशासाठी बनवले, हेही विचारतो.

तेव्हा घडवणाऱ्याला त्याच्या वस्तूच्या प्रत्येक परिणामाचा जाब विचारता येणार नाही. तसे केले तर कोणीच काही बनवू शकणार नाही. पण ज्या हेतूने त्याने तिला आकार दिला, त्याचा जाब त्याला द्यावाच लागेल.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे, आणि ती आपण बहुधा विसरतो. तिएर शहरात द्युरोल नदीच्या वेगावर चालणारी धारेची चाके होती. धार लावणारे कामगार चाकाच्या वर आडव्या फळीवर पालथे पडून तासन् तास काम करीत. खाली थंडगार पाणी, अंगावर ओल, नाकातोंडात दगडाची धूळ. दगड फुटला तर जिवावर बेतायचे. पाय गारठू नयेत म्हणून ते आपला कुत्रा पायांवर बसवीत. चाकाच्या पिवळ्या पाण्याने कपडे माखत, म्हणून लोक त्यांना ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणत. त्या चाकूंनी पुढे कोणाला इजा केली की नाही, देव जाणे. पण गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वीच त्यांनी एका माणसाचे शरीर झिजवले होते. आपण म्हणतो, चाकू कापेल तेव्हा पाप. पण स्वस्त चाकू मागणारे आपणही त्या झिजण्यात वाटेकरी असतो.

म्हणून मला कारखान्याचे उघडे दार महत्त्वाचे वाटते. लायोलचे नाव लावून परदेशात बनलेले स्वस्त चाकू बाजारात फिरू लागले. आपलेच नाव आपल्या हाती उरले नाही, म्हणून २०१२ साली गावकऱ्यांनी गावाच्या नावाची पाटी उतरवून निषेध केला होता. ज्याचे काम सच्चे आहे तो म्हणू शकतो, ‘या, पाहा.’ कोणी म्हणेल, तोफांचा कारखानाही उद्या दार उघडेल, तेवढ्याने तो पवित्र होईल का? नाही होणार. उघडे दार काम कसे चालते एवढेच दाखवते. ते काम कशासाठी आहे, हे सांगत नाही. म्हणून प्रश्न दोन विचारावे लागतील. माझे काम मी लोकांना दाखवू शकतो का? आणि ते कशासाठी आहे, हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगू शकतो का?

आपल्यापैकी फार थोडे जण लोखंड घडवतात. पण कोणी कर्जाची योजना विकतो, कोणी औषध फवारलेली भाजी बाजारात नेतो, कोणी इमारत बांधतो, कोणी जाहिरात लिहितो. ‘मी फक्त नोकरी करतो, पुढचे पुढच्याने पाहावे,’ हे वाक्य आणि ‘चाकूचा काय दोष?’ हे वाक्य सख्खी भावंडे आहेत. ज्या कर्जाची अट मुद्दाम बारीक अक्षरात लिहिली, तिचा आकारच सांगतो की ती कोणी वाचू नये असा बेत होता. मान्य आहे, घर चालवायचे असते, लगेच नोकरी सोडता येत नाही. पण प्रश्न विचारणे सोडले, की माणूस स्वतःच दुसऱ्याच्या हातातले हत्यार बनतो. चाकूला सबब आहे, त्याला मन नाही. आपल्याला ती सबब नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात तांब्या-लोखंडाची हत्यारे घडवणारा पहिला माणूस तुबल-काइन, तो भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशातला. आणि यशया संदेष्ट्याला जो शांतीचा दिवस दिसला, त्या दिवशी तलवारी ठोकून नांगराचे फाळ होणार आहेत. तेथेही भट्टी विझलेली नाही, ऐरणीवर घण पडतोच आहे. लोखंड तेच, कसबही तेच. बदलला आहे तो हेतू.

उद्या सोमवार. आपापल्या कामावर जाताना वरचे दोन प्रश्न सोबत घेऊन जाऊ या.