परलोक दिसलाच नाही तर?

भाविक वाचकहो, मेल्यावर पुढे काय, हा प्रश्न दिंडीतल्या म्हातारीला पडतो, तसाच यंत्रयुगातल्या माणसालाही पडतो. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक: व्हॉएजर’ या अंतराळप्रवासाच्या दूरचित्रवाणी मालिकेत १९९७ साली दाखविलेली एक कथा पाहा.

यानावरचा आचारी नीलिक्स. युद्धात त्याचे सारे घर गेलेले. त्याच्या लोकांची श्रद्धा अशी की, मेल्यावर जीव एका महावनात जातो आणि तेथे झाडाखाली आपली माणसे वाट पाहत असतात. बहीण तेथे भेटेल, या भरवशावर गडी हसतमुखाने जगत होता. एका अपघातात तो मरतो. अठरा तासांनी यंत्रविद्येने त्याला उठवितात. पण त्याला आठवते काय? वन नाही, झाड नाही, बहीण नाही. काहीच नाही! मग जगायचे तरी कशाला, म्हणून तो जीव द्यायला निघतो.

कोणी म्हणेल, गाढ झोपेतलेही आपल्याला आठवत नाही. म्हणून आपण तेव्हा नव्हतो असे थोडेच आहे? युक्तिवाद बरोबर आहे. पण ज्याची बहीण दुसऱ्यांदा गेली, त्याचे डोळे युक्तिवादाने पुसले जात नाहीत. तेथे सोबतीही त्याला समजावतात. त्याचे पाऊल मागे येत नाही. इतक्यात एक आई येते. तिची पोर राक्षसाला भिऊन झोपत नाही. तिला नीलिक्सच हवा. तो जातो, राक्षस नाही ना ते पाहतो, पोरीला निजवितो. जीव वाचतो तो असा.

आता आपण आपल्याला विचारू. वारीला चालतो, तुळशीला पाणी घालतो, ते पुढच्या मजुरीसाठी काय? तसे असेल तर मजुरीची शंका आली की पाय थांबणारच. आपल्या संतांनी मुक्तीपेक्षा सेवा गोड मानली, पुन्हा जन्म घालावा म्हणून देवालाच गळ घातली. म्हणून परलोकाची आशा खोटी, असे मी म्हणत नाही. दुःखिताची ती काठी आहे. ती कोणी हिसकावू नये. पण काठी म्हणजे पाय नव्हेत. चालायचे ते प्रेमाच्या बळावर. शेजारी पोर रडत असेल, तर आधी तिला उचलून घ्यावे; वैकुंठाचा हिशेब पांडुरंगावर सोपवावा.

रामकृष्णहरि!