चिठ्ठी निघाली, पुढे काय?

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली कायदा करून चार्टर शाळांना वाट दिली. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र, फी नाही. जागांहून अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. यांतील काही हायस्कुलांत इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा कसून घेतला जाणारा अभ्यासक्रम शिकवतात. शेवटच्या दोन वर्षांत सहा विषय, शिवाय ४,००० शब्दांपर्यंतचा एक निबंध.

चिठ्ठी कुणाचे तोंड पाहत नाही, हे खरे. पण आधी अर्ज करावा लागतो, आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईला त्याची तारीख कळतेच असे नाही. समजा कळली, मुलीचे नावही निघाले. आठवीपर्यंत तिला धड एक पान लिहायला कोणी शिकवलेच नसेल तर? अभ्यास सैल करावा, तर तिला दिलेले वचन खोटे ठरते. न करावा, तर ती मुकाट्याने शाळा सोडते आणि उरलेल्यांचा निकाल उजळ दिसतो! तिसरी वाट आहे: नववी-दहावीत तिच्याजवळ जास्त वेळ बसणारा शिक्षक. ती महाग पडते.

मला विचाराल तर अशा शाळेत मी बारावीचा निकाल मागणार नाही. नववीच्या पहिल्या दिवशीचा हजेरीपट मागेन, आणि गळालेल्या नावांपुढे काय कारण लिहिले आहे ते वाचीन.