अश्रुत कृतींची सुनावणी

'उपेक्षित' हे विशेषण कलासमीक्षेत फार सैलपणे वापरले जाते. एखादी कृती सध्या कोणी ऐकत अथवा वाचत नाही, एवढ्याच वस्तुस्थितीचे ते वर्णन असते तर त्यात नैतिक आशय काहीच उरला नसता. परंतु या शब्दात एक आरोप दडलेला असतो. जे द्यावयास हवे होते ते दिले गेले नाही, असे तो शब्द सुचवितो. आणि आरोप आला की तो कोणावर, कोणाच्या वतीने व कोणत्या हक्काच्या आधारे, हे प्रश्न टाळता येत नाहीत. दुय्यम गणल्या गेलेल्या फ्रेंच संगीतकारांच्या पियानो कॉन्चेर्तोंचे गेल्या तीन दशकांत जे पुनरुज्जीवन झाले, ते या प्रश्नांच्या परीक्षेला विशेष सोयीचे आहे. १९९१ साली हायपेरियन या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीने रोमँटिक पियानो कॉन्चेर्तोंची मालिका सुरू केली. २००९ साली व्हेनिस येथे फ्रेंच रोमँटिक संगीताला वाहिलेले पालाझेत्तो ब्रू झान हे केंद्र सुरू झाले. बेंजामां गोदार, तेओदोर द्युब्वा, गाब्रिएल पिएर्ने, मारी याएल यांच्या ज्या रचना दोन-तीन पिढ्यांनी केवळ कोशांतील नोंदी म्हणून ओळखल्या होत्या, त्या आज घरबसल्या ऐकता येतात.

या पुनरुज्जीवनाला घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप कालपरीक्षेचा आहे. अभिरुचीच्या निकषावरील आपल्या १७५७ सालच्या निबंधात ह्यूमने असे प्रतिपादन केले की श्रेष्ठ कृती देश, काल आणि क्षणिक लोकप्रियता यांची बंधने ओलांडून टिकते. जे टिकले नाही ते टिकण्यायोग्य नव्हते, असा याचा व्यत्यास सर्रास काढला जातो. तर्कदृष्ट्या तो सदोष आहेच. कारण श्रेष्ठ ते टिकते हे मान्य केले, तरी जे जे दिसेनासे झाले त्याची परीक्षा झाली होती असे त्यातून निष्पन्न होत नाही. कवितेचे पुस्तक ग्रंथालयात पन्नास वर्षे धूळ खात पडले तरी एक जिज्ञासू वाचक ते उघडू शकतो. कॉन्चेर्तोचे तसे नाही. त्याला एक निष्णात वादक लागतो, पाऊणशे माणसांचा वाद्यवृंद लागतो, प्रत्येक वाद्याची स्वतंत्र स्वरलिपी लागते, सभागृह लागते, तालमींचा खर्च लागतो. यांपैकी एकही कडी तुटली की कृती मुकी होते. हे मौन म्हणजे अभिरुचीने दिलेला निकाल नव्हे. अनेकदा तो केवळ जमाखर्चाचा परिणाम असतो.

अर्थात हे स्पष्टीकरण सर्वत्र पुरत नाही, आणि ते पुरत नाही हे आल्कांच्या उदाहरणावरून चांगले दिसते. शार्ल-व्हालांतँ आल्कां याने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासिकांपैकी आठवी, नववी आणि दहावी मिळून एक संपूर्ण कॉन्चेर्तो होतो. तो मात्र केवळ पियानोसाठी. वाद्यवृंदाचा भाग आणि एकल वादकाचा भाग, दोन्ही दहा बोटांनीच वाजवायचे. सुमारे पन्नास मिनिटांच्या या रचनेला एका माणसाखेरीज काही लागत नव्हते. तरीही १९६० च्या दशकात रेमंड लेवेन्थाल आणि रोनाल्ड स्मिथ यांच्यासारखे वादक आल्कांकडे वळेपर्यंत ती जवळजवळ अज्ञातच राहिली. येथे खर्चाची सबब चालत नाही. वादनाची कमालीची दुष्करता हे कारण सांगता येईल, रचनाकाराचा एकांतवास हे दुसरे. पण या कारणांचाही रचनेच्या मूल्याशी काही संबंध नाही.

विस्मृतीच्या कारणांत अन्याय किती आणि योगायोग किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते. द्युब्वाला उपेक्षित म्हणताना जीभ थोडी अडखळावी. १८९६ ते १९०५ या काळात तो पॅरिस कॉन्झर्व्हेटवारचा संचालक होता. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस राव्हेलला प्री द रोमच्या प्राथमिक फेरीतच बाद करण्यात आले आणि त्यावरून मोठा गदारोळ माजला. सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा १८९७ सालचा एफ मायनरमधील कॉन्चेर्तो पुढे विसरला गेला, यात इतिहासाने त्याच्यावर जुलूम केला असे म्हणणे हास्यास्पद होईल. उलट, ज्या राव्हेलला त्या संस्थेने नाकारले त्याचेच दोन कॉन्चेर्तो आज सर्वत्र वाजतात, यात काही जणांना न्यायच दिसतो. परंतु माणसाच्या पदाचा हिशेब त्याच्या कृतीच्या खात्यावर मांडणे हाही अन्यायच आहे. द्युब्वाचा कॉन्चेर्तो वाईट असेल तर तो वाईट आहे म्हणून बाजूला पडावा, द्युब्वाचा आहे म्हणून नव्हे.

शिवाय कधी कधी आरोपी व्यक्ती नसतेच, रचनाप्रकार असतो. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पॅरिसच्या वाद्यवृंद-मैफलींत काही श्रोते कॉन्चेर्तो सुरू झाला की आरडाओरडा करीत. कॉन्चेर्तो म्हणजे वादकाच्या करामतीचे प्रदर्शन, आणि सिंफनी म्हणजे शुद्ध संगीत, अशी त्यांची धारणा होती. (ज्यांनी ही शुद्धता जपण्यासाठी शिट्ट्या वाजविल्या त्यांच्या संगीतप्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.) अशा वातावरणात मध्यम प्रतीचा कॉन्चेर्तो सर्वांत आधी गळून पडला, यात नवल ते काय?

मराठीत 'सुनावणी' या शब्दाला न्यायालयाचा अर्थ चिकटला आहे, पण त्याच्या मुळाशी ऐकणेच आहे. विस्मृत कृतीचा हक्क मानायचा तर तो सुनावणीचा मानता येईल. अनुकूल निकालाचा नव्हे. पुनरुज्जीवनाची भाषा हा भेद पुसून टाकते. 'हरवलेला रत्नखजिना' यांसारखे शब्द सुनावणीपूर्वीच निकाल लावतात, आणि आस्वादाच्या जागी अनुकंपा आणून बसवितात. दुसरीकडे सुनावणीही समान अटींवर होत नाही. सँ-साँसच्या दुसऱ्या कॉन्चेर्तोवर दीडशे वर्षांतील असंख्य वादकांच्या आकलनाचे थर चढलेले आहेत. त्याच्याशी ज्या कृतीची तुलना होते, ती मोजक्या तालमींनंतर मुद्रित झालेल्या एकदोन वादनांतून समोर येते. श्रोता मात्र दोन्हींना 'कृती' असे एकच नाव देतो.

पिएर्नेच्या १८८७ सालच्या सी मायनर कॉन्चेर्तोत हे प्रकर्षाने जाणवते. संथ मधला भाग न ठेवता तेथे खेळकर स्केर्त्सो योजण्याची कल्पना सँ-साँसच्या १८६८ सालच्या त्या कॉन्चेर्तोतही आहे. जाणकार श्रोत्याला साम्य तत्काळ उमगते आणि तो पिएर्नेला अनुकरणाच्या कप्प्यात टाकून मोकळा होतो. अभ्यासक अधिक उदार असतो. तो म्हणतो, थोर कृती कोणत्या संकेतव्यवस्थेतून उभी राहिली हे कळण्यासाठी दुय्यम कृती ऐकल्या पाहिजेत. हे औदार्य तपासून पाहण्यासारखे आहे. त्यात पिएर्नेची कृती ऐकली जाते ती सँ-साँसची टीप म्हणून. माणसाला केवळ साधन मानू नये या कांटच्या आदेशाचा विस्तार कलाकृतीपर्यंत करता येईल की नाही, हा वादाचा विषय आहे. परंतु सौंदर्यानुभवात वस्तूकडे तिच्या उपयोगाचा विचार बाजूला ठेवून पाहावे, हे कांटनेच सांगितले आहे. त्या अर्थाने, केवळ पुरावा म्हणून ऐकलेली कृती ऐकली गेली असे म्हणता येत नाही. साहित्येतिहासात 'कालखंडाचे प्रातिनिधिक उदाहरण' म्हणून वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांची अवस्था याहून निराळी नाही.

मारी याएलच्या बाबतीत हा पेच अधिक अवघड होतो. आल्सासमध्ये १८४६ साली जन्मलेल्या या वादिकेने दोन कॉन्चेर्तो रचले; पहिला १८७७ साली, दुसरा १८८४ साली. आज ते ऐकले जातात ते बहुधा स्त्री-रचनाकाराचे म्हणून. स्त्री असल्यामुळे ज्या दारांवर तिला थांबावे लागले त्यांची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. पण त्या आठवणीखातर रचना ऐकणे म्हणजे तिला पुन्हा एकदा दस्तऐवज बनविणे. वाल्टर बेंजामिनने अनुवादावरील १९२३ सालच्या निबंधात म्हटले आहे की, सर्व माणसे विसरली तरी एखादे जीवन अविस्मरणीय म्हणता येईल. त्या शब्दात घटना नसून मागणी असते. ही मागणी याएलच्या नावाने करावी, की दुसऱ्या कॉन्चेर्तोतील स्वरांच्या नावाने?

खुद्द याएलचे उत्तर काय असते, याचा अंदाज करणेही सोपे नाही. १८९३ साली तिने पॅरिसमध्ये बेटहोव्हनचे सर्व बत्तीस सोनाटा वाजविले. त्यानंतरची वर्षे तिने प्रामुख्याने स्पर्शाच्या अभ्यासाला दिली: बोट पट्टीवर कसे पडते, त्या हालचालीचा मनातील स्वरप्रतिमेशी संबंध काय. संगीत आणि मनोशारीरविज्ञान या विषयावरील तिचे पुस्तक १८९६ साली निघाले. १९२५ साली तिचा मृत्यू झाला. पियानो-शिक्षणाच्या इतिहासात तिचे नाव राहिले ते या पद्धतीमुळे, आणि तिचे शिष्य कॉन्चेर्तो नव्हे तर तिची अंगुलिविद्या पुढे नेत राहिले.