गोळीसोबत माणूसही हवा

एचआयव्हीची औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. पण ती आयुष्यभर, रोज घ्यायची असतात. लोणंदसारख्या बाजारगावात, जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथं गोळी पुष्कळदा चुकते ती कुणी पाहील या धास्तीनं. ती धास्ती नुसत्या चिठ्ठीनं जात नाही. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेनं आणि पुढं ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’नं दाखवून दिलं, की समाजानं ज्यांना आजाराचं मूळ ठरवलं, त्याच बायका वस्तीचं आरोग्य सांभाळू शकतात. तसाच गोळी घेणाऱ्यांनाही तोच आजार घेऊन जगणारा, गावातलाच समुपदेशक हवा. गावातल्याच माणसाला सांगितलं तर बोभाटा होईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या समुपदेशकाला आधी गुप्तता शिकवायची. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदाही संमतीशिवाय वाच्यता करू देत नाही. नियमित उपचारानं विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे तोच आजार घेऊन जगणाऱ्या शेजारणीनं सांगितलं, तर घरातल्यांना लवकर पटतं.